‘मुद्राराक्षसा’तील मित्रसंघ : एका संधीच्या विघटनाची मीमांसा

संस्कृत नाट्यवाङ्मयात विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चे स्थान काहीसे एकाकी आहे. शृंगाराला येथे वाव नाही, रूढ अर्थाची नायिका नाही आणि विदूषकही नाही. प्रतीहारीसारखी गौण पात्रे सोडल्यास कथानकाशी निगडित असे स्त्रीपात्र म्हणजे चंदनदासाची पत्नी, आणि तीही अखेरच्या अंकात वधस्थानाच्या वाटेवर दिसते. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८४ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत या नाटकाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून आजवर झालेल्या चर्चेचा ओघ प्रामुख्याने दोन दिशांनी वाहिला आहे. भरतवाक्यातील राजनामाच्या पाठभेदांवरून, म्हणजे चंद्रगुप्त, अवंतिवर्मा की दंतिवर्मा या प्रश्नावरून, नाटककाराचा काल ठरविणे ही पहिली दिशा. चाणक्य आणि राक्षस या दोन अमात्यांच्या स्वभावांची तुलना करणे ही दुसरी. दोन्ही प्रयत्न आवश्यक होते व त्यांचे मोल कमी नाही. तथापि, या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडली. या नाटकातील मुख्य राजकीय घटना युद्ध नव्हे, राज्यारोहण नव्हे, तर एका लष्करी मित्रसंघाचे विघटन ही आहे. पाटलिपुत्रावर चालून येणारी प्रचंड सेना तेथवर पोहोचते, पण लढत नाही. ती आपल्याच छावणीत फुटते. ती का फुटली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की चाणक्याची बुद्धी अलौकिक होती आणि मलयकेतू मूर्ख होता. हे उत्तर स्वीकारल्यास नाटकाचा पाचवा अंक ही केवळ एका धूर्ताने एका भोळ्याची केलेली फसवणूक ठरते, आणि विशाखदत्ताच्या राजकीय जाणिवेला फारसे श्रेय उरत नाही. परंतु संहितेची बारकाईने तपासणी केली असता निराळेच चित्र समोर येते. चाणक्याने मित्रसंघ फोडला हे खरे. पण जेथे भेग पूर्वीच होती तेथेच त्याने पाचर ठोकली, हेही तितकेच खरे.

प्रथम या संघाची घटना पाहावी. त्याचे घटक तीन. पहिला मलयकेतू. हा पर्वतकाचा पुत्र असून सैन्य, कोश आणि भूमी यांचा स्वामी आहे. दुसरा नंदांचा अमात्य राक्षस. तिसरा घटक म्हणजे पाच राजे : कुलूतचा चित्रवर्मा, मलयचा सिंहनाद, काश्मीरचा पुष्कराक्ष, सिंधूचा सिंधुषेण आणि पारसीकांचा मेघाक्ष. बाह्यतः सर्वांचा शत्रू एकच, पाटलिपुत्राच्या सिंहासनावर बसलेला चंद्रगुप्त मौर्य. परंतु प्रत्येकाच्या युद्धाचे प्रयोजन वेगळे आहे. मलयकेतूला पित्याच्या वधाचा सूड हवा आहे. पित्याच्या मृत्यूस दहा महिने लोटले तरी आपण त्याला तिलांजलीही दिली नाही, ही खंत त्याला जाळते. राक्षसाला नंदकुलाचे उतराई व्हायचे आहे, आणि त्या कुलातील कोणीही जिवंत उरलेला नाही. पाच राजांची प्रयोजने नाटककार त्यांच्या मुखाने सांगतच नाही. ती कळतात ती बनावट पत्रातून आणि खोट्या निरोपातून. तिघांना भूमी हवी व दोघांना हत्ती आणि कोश हवा, असे तेथे म्हटले आहे. हा आरोप रचलेला असला तरी छावणीत कोणालाही तो असंभाव्य वाटत नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’तील सप्तांगांची कल्पना येथे उपयोगी पडते. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही राज्याची सात अंगे. त्यांपैकी राक्षसाजवळ काय आहे? स्वामी नाही, जनपद नाही, दुर्ग नाही, सैन्य नाही. तो केवळ अमात्य आहे. राज्य नसलेला अमात्य. संघात तो काय घेऊन येतो, तर पाटलिपुत्रातील आपल्या गुप्त अनुयायांचे जाळे आणि नंदनिष्ठेचे नैतिक बळ. त्याच्या बातम्यांची शहानिशा करण्याचे साधन मलयकेतूजवळ नाही. देशत्याग केलेल्यांच्या आश्वासनांवर राजांनी विसंबू नये, कारण स्वदेशी परतण्याचा दुसरा मार्ग उघडताच ते तोच स्वीकारतात, असा इशारा सोळाव्या शतकात मॅकियाव्हेलीने दिला. विशाखदत्ताने तेच सूत्र त्याच्या कित्येक शतके आधी रंगभूमीवर उभे केले होते.

दुसरी बाब पूर्वेतिहासाची. मलयकेतूचा पिता पर्वतक हा एकेकाळी चाणक्याचाच मित्र होता. नंदांच्या उच्छेदासाठी साह्य केल्याबद्दल त्याला अर्धे राज्य देण्याचे वचन मिळाले होते. राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्याने पर्वतकाकडे वळविली आणि तो मेला. पुढे अर्ध्या राज्याची आशा त्याचा बंधू वैरोचक याला दाखविण्यात आली. राक्षसाच्या माणसांनी चंद्रगुप्तासाठी रचलेल्या सापळ्यात, त्यालाच चंद्रगुप्त समजून, तोही मारला गेला. म्हणजे ज्या घराने एका संधीवर विश्वास ठेवून दोन पुरुष गमावले, त्या घराचा मुलगा आता दुसऱ्या संधीत उतरला आहे. शिवाय दोन्ही मृत्यूंच्या मुळाशी राक्षसानेच योजलेली साधने होती. अशा राजपुत्राच्या मनात संशयाचे बीज रुजले, तर त्याला मूर्ख म्हणणे न्याय्य ठरेल काय? त्याचा दोष संशय घेण्यात नाही. तो संशय पारखून न घेण्यात आहे.

पाचव्या अंकातील पुराव्याची रचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पहिल्या अंकात चाणक्याने शकटदासाच्या हस्ताक्षरात लिहवून घेतलेल्या आणि राक्षसाच्या मुद्रेने अंकित केलेल्या पत्रात कोणाचेही नाव नाही. कोणी, कोणाला, कोणाविषयी लिहिले, हे मोघम ठेवलेले आहे. पाठविलेली तीन आभूषणे पोहोचली, असा त्यात उल्लेख आहे. पूर्वी जोडलेल्या मित्रांना ठरल्याप्रमाणे संतुष्ट करावे, अशी सूचना आहे. उरलेले सिद्धार्थक तोंडी सांगेल, असेही म्हटले आहे. पत्रातील रिकाम्या जागा वाचणाऱ्याने भरावयाच्या आहेत, आणि मलयकेतू त्या भरतो. मुद्रा पुरेशी नाही म्हणून हस्ताक्षर, हस्ताक्षर पुरेसे नाही म्हणून राक्षसाच्या अंगावरील पर्वतकाची आभूषणे, असा पुराव्यावर पुरावा चढत जातो. शेवटी राक्षस प्रयाणाचा क्रम सांगतो व पाच राजांनी कुमाराच्या सभोवती राहावे अशी योजना मांडतो. ज्यांच्यावर फितुरीचा आळ आहे त्यांनाच हा माझ्याभोवती उभे करतो, असा अर्थ मलयकेतू घेतो. रक्षणाची व्यूहरचना त्याला वेढ्यासारखी दिसू लागते. संघातील विश्वास ढळल्यावर एकाच वस्तुस्थितीचा अर्थ कसा पालटतो, याचे याहून मार्मिक उदाहरण संस्कृत नाट्यात शोधून सापडणे कठीण.

याच प्रसंगी एक संधी हातची जाते. शकटदासाला समोर बोलवावे, असे मलयकेतूच्या मनात येते. तो आला असता, तर पत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे उघड झाले असते. परंतु भागुरायण म्हणतो की राक्षसासमोर तो कधीही कबूल होणार नाही, तेव्हा त्याचे दुसरे लेखन आणवून अक्षर ताडून पाहावे. युक्तिवाद वरवर निर्दोष आहे. परिणाम असा की साक्षीदाराऐवजी त्याचे अक्षर साक्ष देते. अधिक लक्षणीय गोष्ट ही की तो पुरावा पाहून खुद्द राक्षसही क्षणभर आपल्या मित्राविषयी साशंक होतो, बायकामुलांच्या ओढीने शकटदासाने हे केले असावे असे त्याला वाटते. अविश्वासाची बाधा केवळ मलयकेतूला झालेली नाही. या संघात प्रत्येकाला दुसऱ्याच्या फितुरीची कल्पना सहज करता येते. एकमेकांच्या निष्ठेची खात्री करून घेण्याची कोणतीही रीत या छावणीने निर्माण केलेली नाही. छावणीतून बाहेर पडण्यासाठी परवान्याची मुद्रा लागते, आणि ती मुद्रा भागुरायणाच्या, म्हणजे शत्रूच्या हेराच्या, हाती आहे.

याच्या उलट बाजूस तिसऱ्या अंकातील कृतककलह ठेवला म्हणजे नाटककाराची योजना स्पष्ट होते. कौमुदीमहोत्सवाच्या निमित्ताने चंद्रगुप्त आणि चाणक्य यांच्यात उघड भांडण होते व चाणक्य अधिकारत्याग करतो. राक्षसाने आपल्या वैतालिकाकरवी चंद्रगुप्ताला चिथावण्याची व्यवस्था केलेली आहेच. भेद हे अस्त्र दोन्ही पक्ष वापरतात, पण एका बाजूला ते बोथट ठरते व दुसऱ्या बाजूला प्राणघातक. पाटलिपुत्रात बाहेरून कलह दिसतो आणि आत ऐक्य आहे. छावणीत बाहेरून ऐक्य दिसते आणि आत प्रयोजनांचा कलह आहे. चाणक्याचा विजय केवळ हेरांच्या संख्येवर अवलंबून नाही, तो या अंतरावर उभा आहे. चंद्रगुप्त आणि चाणक्य यांना एकच गोष्ट हवी आहे. मलयकेतू आणि राक्षस यांना फक्त एकच शत्रू आहे.

या भेदाचे मर्म भागुरायण चौथ्या अंकात उघड करतो. राक्षसाचे वैर चंद्रगुप्ताशी नसून चाणक्याशी आहे; चाणक्य दूर झाला तर चंद्रगुप्त नंदवंशीयच आहे या भावनेने राक्षस त्याच्याशी संधी करील, असे तो मलयकेतूला सुचवितो. हे विषप्रयोगासारखे वाक्य आहे, हे सर्व टीकाकारांनी मान्य केले आहे. परंतु ते असत्य आहे काय? सातव्या अंकात चंदनदासाचे प्राण वाचविण्यासाठी राक्षस शरण येतो आणि चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारतो. बंदिवान मलयकेतूला त्याचे पैतृक राज्य परत मिळते ते राक्षसाच्या शब्दावरून. म्हणजे ज्या शक्यतेची भीती घालून संघ फोडला गेला, तीच शक्यता नाटकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आली. राक्षसाने विश्वासघात केला नव्हता. त्याच्यावरील आरोप वस्तुतः खोटा होता. पण चंद्रगुप्ताच्या सेवेत त्याला जागा होती, आणि मलयकेतूला तशी जागा कोठेही नव्हती, ही परिस्थिती खरी होती. पुरावा बनावट आणि अनुमान यथार्थ, असा हा विलक्षण प्रकार आहे. याच विसंगतीत नाटकाचे राजकीय सत्य साठविलेले आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की राक्षसाला शरण यावे लागले ते संघ मोडल्यामुळे. संघ टिकता, तर तो प्रसंगच उद्भवला नसता. आक्षेप रास्त आहे व तो अंशतः मान्य केला पाहिजे. तरीही संघ विजयी झाला असता तर काय घडले असते, हा प्रश्न उरतोच. पाटलिपुत्राच्या सिंहासनावर कोण बसणार होते? नंदवंशात कोणी उरले नव्हते. मलयकेतू बसणार, तर राक्षसाची नंदनिष्ठा कोणत्या रूपाने उरणार? पाच राजांचा वाटा कोणता? या प्रश्नांवर छावणीत चर्चा झाल्याचे नाटकात कोठेही दिसत नाही. जयाची वाटणी न ठरविता केलेला संधी पराजयापूर्वीच मोडतो, असे म्हणावे लागते.

संधी कशाने टिकतो, यावर ‘अर्थशास्त्रा’च्या सातव्या अधिकरणात एक महत्त्वाचा वाद नोंदलेला आहे. सत्यवचन वा शपथ यांवर आधारलेला संधी अस्थिर आणि जामीन वा ओलीस यांवर आधारलेला संधी स्थिर, असे पूर्वाचार्यांचे मत तेथे दिले आहे. कौटिल्य ते खोडून काढतो. त्याच्या मते सत्य आणि शपथ यांवरील संधीच इहपरलोकी स्थिर होय. जामीन व ओलीस यांचे मोल बळावर अवलंबून असल्यामुळे ते इहलोकापुरतेच. कूटनीतीचा आचार्य म्हणून ज्याची ख्याती, त्याने दिलेल्या शब्दाला इतके महत्त्व द्यावे, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी हा ग्रंथ प्रकाशात आणला आणि १९६० ते १९६५ या काळात रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या कर्तृत्वाचा व कालाचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यामुळे नाटकातील चाणक्य आणि ग्रंथातील कौटिल्य यांना एकच मानणे धोक्याचे आहे. परंतु दोहोंची तुलना मात्र उद्बोधक ठरते. ग्रंथातील आचार्य ज्या सत्यवचनाला संधीचा पाया म्हणतो, ते नाटकातील चाणक्याने पर्वतकाच्या बाबतीत पाळले नाही. त्या मोडलेल्या वचनातूनच मलयकेतूचे युद्ध उभे राहिले. भेदनीतीने चाणक्याने जे मिटविले, ते त्याच्याच पूर्वीच्या वचनभंगाचे फळ होते.

नाटककाराचे हे निदान कल्पनाविलास नव्हे, याची साक्ष मराठ्यांच्या इतिहासातच मिळते. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध पुणे दरबार, हैदरअली, निजामअली आणि नागपूरकर भोसले यांचा चौघांचा संघ जमला. प्रत्येकाने आपापल्या बाजूने इंग्रजांना गाठावे, असे ठरले. शत्रू एक होता, प्रयोजने चार होती. मद्रासकरांनी घेतलेला गुंटूर प्रांत परत देऊन वॉरन हेस्टिंग्जने निजामाला थंड केले. बंगालवर जावयाची नागपूरकरांची फौज ओरिसात थबकली व द्रव्य देऊन तिचे समाधान करण्यात आले. हैदराने मात्र कर्नाटकात उतरून सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची फौज बुडविली. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी शिंदे यांनी इंग्रजांशी स्वतंत्र सलूख केला आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. हैदराकडून जिंकलेला मुलूख परत देववावा, असे कलम त्या तहात पेशव्यांवर घालण्यात आले. म्हणजे मित्राने मित्राचा विजय परत करवून द्यावयाचा होता. नाना फडणीसांनी तहाला मान्यता देण्यास महिनोन्‌महिने विलंब लावला. दरम्यान ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला. येथे बनावट पत्राची गरज पडली नाही. प्रत्येकाला काय हवे होते, ते हेस्टिंग्जने ओळखले होते.

विसाव्या शतकातील करारसंघही या नियमास अपवाद ठरले नाहीत. १९५४ च्या मनिला करारावर सही करताना अमेरिकेने स्पष्ट नोंदविले की आक्रमण म्हणजे आपल्यापुरते साम्यवादी आक्रमण. पाकिस्तानची चिंता भारताविषयी होती. एकाच कराराखाली सह्या करणाऱ्या दोघांचे शत्रू निराळे होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तो करार पाकिस्तानच्या कामी आला नाही. १९७३ मध्ये पाकिस्तान त्यातून बाहेर पडला आणि १९७७ मध्ये संघटनाच विसर्जित झाली. १९५५ च्या बगदाद करारातून खुद्द बगदादच १९५९ मध्ये बाहेर पडले व १९७९ मध्ये तोही संघ संपुष्टात आला. याउलट १९४९ चा उत्तर अटलांटिक करार दीर्घकाल टिकला. त्याच्या पाचव्या कलमात प्रत्येक राष्ट्राने आवश्यक वाटेल ती कृती करावी इतकेच म्हटले आहे. म्हणजे शब्द म्हणून ते फारसे बंधनकारक नाही. परंतु त्या शब्दाच्या पाठीशी नित्य भेटणारे मंडळ व संयुक्त सेनापतित्व उभारण्यात आले. एकमेकांचे हेतू वारंवार पारखण्याची सोय तेथे होती. मलयकेतूच्या छावणीत नेमकी तीच नव्हती.

एवढे सांगितल्यावर नाटकाच्या उणिवांकडेही डोळेझाक करता येत नाही. पाच राजे रंगभूमीवर एकदाही येत नाहीत. ज्यांच्या निष्ठेवर पाचवा अंक फिरतो, त्यांना एक वाक्यही बोलावयास मिळत नाही. मलयकेतूच्या आज्ञेने भूमीच्या लोभी म्हटलेल्या तिघांना खड्ड्यात मातीखाली गाडण्यात येते आणि हत्तींच्या लोभी म्हटलेल्या दोघांना हत्तींच्या पायी दिले जाते. शिक्षेतील हे क्रूर औचित्य मलयकेतूला सुचते, पण त्यांची बाजू ऐकावी असे सुचत नाही. आणि नाटककारही त्यांच्यासाठी क्षणभर थांबत नाही. भागुरायणाला मात्र स्नेह ठेवणाऱ्या कुमाराला फसवावे लागते याची खंत वाटते. हेराला जी सहानुभूती मिळाली ती निरपराध मित्रांना मिळाली नाही. सातव्या अंकात चंदनदास वाचतो, राक्षस सन्मानित होतो, मलयकेतू राज्य परत मिळवितो. सर्वांना काही ना काही मिळते, त्या पाचांखेरीज. भरतवाक्याच्या मंगलध्वनीत ही उणीव बुजून जाते, पण चिकित्सक वाचकाला ती सलत राहावी.

तथापि, हीच उणीव एका अर्थी नाटकाच्या प्रतिपाद्याला पुष्टी देते. संघ मोडल्यावर त्याचे मूल्य जे देतात, ते बहुधा संघाची धोरणे ठरविणारे नसतात. त्या पाचांचा वध झाल्याचे कळताच उरलेले राजे आपापली सैन्ये घेऊन निघून जातात, आणि एकट्या पडलेल्या मलयकेतूला भद्रभटादिक आपले म्हणविणारेच बंदिवान करतात. मित्रांवर अविश्वास दाखवून त्याने फितुरी रोखली नाही, तिला वाट मोकळी करून दिली. विशाखदत्ताच्या या नाटकाचे श्रेष्ठत्व चाणक्याच्या कपटकौशल्याच्या वर्णनात शोधण्याची प्रथा आहे. ते अधिक योग्य रीतीने या जाणिवेत शोधावे की समान शत्रू हे संधीचे निमित्त असते, आधार नव्हे. आधार समान प्रयोजनाचा, पाळलेल्या शब्दाचा आणि पारखलेल्या विश्वासाचा लागतो. तो नसेल, तर मुद्रा उमटविलेले एक निनावी पत्रही पाच राज्यांच्या सेनांना पुरून उरते.